अमेरिकेच्या इतिहासाची मूळ साधने आणि रत्नागिरीचा अभ्यासक



रत्नागिरीसारख्या ठिकाणी राहून अमेरिकेच्या इतिहासाचा अभ्यास करावयाचा म्हटले, तर प्रथमदर्शनी ते अवघड वाटते. तेथील दफ्तरखाने सातासमुद्रापलीकडे, तेथील ग्रंथ महाग आणि आपल्याकडील ग्रंथालयांच्या कपाटांत जे मिळते ते बहुधा कोणीतरी दुसऱ्याने लिहून ठेवलेले तयार निष्कर्ष. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांत अमेरिकन राज्यक्रांती, गुलामगिरीचे उच्चाटन किंवा दोन महायुद्धांचा काळ हे विषय शिकविले जातात ते पाठ्यपुस्तकाच्या आधारे. ज्या कागदांवरून ते पाठ्यपुस्तक तयार झाले, ते कागद विद्यार्थ्याच्या दृष्टीस कधीच पडत नाहीत.

ही परिस्थिती आता बदलली आहे. ती बदलण्याची कारणे दोन. एक म्हणजे अमेरिकेतील मोठमोठ्या ग्रंथालयांनी आणि अभिलेखागारांनी आपले लक्षावधी कागद छायारूपाने इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य ठेवले आहेत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या इतिहासाचे काही धागे थेट कोकणातून आणि महाराष्ट्रातून गेलेले आहेत. त्या धाग्याचे एक टोक हाती असेल, तर दुसरे टोक शोधणे सोपे जाते. म्हणून साधने कोठे आहेत, ती कशी मागवावी, कशी वाचावी आणि कशी पारखावी, याचा विचार रत्नागिरीच्या अभ्यासकाच्या सोयीने येथे केला आहे.

साधन म्हणजे काय?

मूळ साधन आणि दुय्यम साधन हा भेद मराठी वाचकाला नवा नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध करावयास आरंभ केला. घटनेच्या वेळी लिहिलेले अस्सल पत्र आणि घटनेनंतर बऱ्याच काळाने रचलेली बखर यांत अंतर असते, हा धडा त्यांनी महाराष्ट्राला घालून दिला. १९१० मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तीच शिस्त पुढे चालविली. अमेरिकेच्या इतिहासालाही हीच कसोटी लागू पडते. अध्यक्ष लिंकन यांच्यावर आज लिहिलेले चरित्र हे दुय्यम साधन होय. त्यांनी स्वतः लिहिलेले पत्र, १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा, त्या आठवड्याचे वृत्तपत्र किंवा एखाद्या सैनिकाची रोजनिशी ही मूळ साधने होत.

खेड्यातील माणसाला हा भेद सातबाऱ्याच्या उदाहरणावरून चटकन उमजतो. जमीन कोणाची, याविषयी गावात दहा गोष्टी सांगितल्या जातात. परंतु वाद निर्माण झाला म्हणजे फेरफाराची नोंद काढून पाहावी लागते. ती नोंद कोणी केली, कोणत्या तारखेस केली आणि कोणत्या कागदाच्या आधारे केली, हे तपासले जाते. इतिहासाचा अभ्यासक याहून वेगळे काही करीत नाही.

कोकणातून निघणारा धागा

अमेरिकन माणसे आणि मराठी समाज यांचा संबंध दोनशे वर्षांहून अधिक जुना आहे. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस पोहोचले. त्यांच्या संस्थेने मुंबईत छापखाना काढला. पुढे निर्णयसागर छापखाना उभारणारे जावजी दादाजी यांनी उमेदवारीच्या काळात याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केले होते. १८४२ मध्ये अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले, तेही याच मिशनचे.

कोकण आणि दक्षिण महाराष्ट्राशी संबंध आला तो दुसऱ्या एका अमेरिकन मिशनचा. १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे कोल्हापुरास आले. १८७० मध्ये त्यांचे काम अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मंडळाने आपल्याकडे घेतले आणि १८७३ मध्ये रत्नागिरी येथे त्या मिशनचे ठाणे सुरू झाले. मिरजेचे प्रसिद्ध रुग्णालय आणि वेंगुर्ले येथील रुग्णालय ही याच मिशनची कामे. वेंगुर्ले त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते त्या जिल्ह्यात गेले. वेंगुर्ल्यास काम करणाऱ्या एका मिशनरी डॉक्टर दांपत्याच्या पोटी १९१९ मध्ये जन्मलेले रॉबर्ट गोहीन हे पुढे १९५७ ते १९७२ या काळात प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचे भारतातील राजदूत झाले. अमेरिकेच्या उच्च शिक्षणाचा आणि परराष्ट्र संबंधांचा इतिहास लिहिणाऱ्याला वेंगुर्ल्याचे नाव टाळता येणार नाही.

या मिशनांचे कागद कोठे आहेत? मुंबई-अहमदनगरच्या मिशनचे संचालन करणाऱ्या बोस्टनच्या मंडळाचे दफ्तर हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहे. प्रेसबिटेरियन मिशनचे दफ्तर फिलाडेल्फिया येथील प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. दोन्ही मंडळांचे जुने छापील अहवाल आणि मासिके मोठ्या प्रमाणावर इंटरनेटवर वाचावयास मिळतात. शाळेत मुले किती, पटावर मुली किती, दुष्काळात काय घडले, साथीत कोणी मदत केली, याविषयीचे तपशील त्यांत आढळतात. रत्नागिरीच्या स्थानिक इतिहासाला ही साधने जितकी उपयोगी, तितकीच ती अमेरिकेच्या सामाजिक इतिहासालाही उपयोगी आहेत. दूर देशी माणसे पाठविणारा तो समाज स्वतःकडे आणि जगाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता, हे या कागदांत स्पष्ट दिसते.

एका पत्राचा प्रवास

मूळ कागद शोधत गेले म्हणजे काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आहे. त्यांचे पती गोपाळराव जोशी कोल्हापुरास नोकरीस असताना त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत जाण्याच्या इच्छेविषयी पत्रव्यवहार केला. तो पत्रव्यवहार, वर उल्लेखिलेले वाइल्डर अमेरिकेस परतल्यावर जे मासिक चालवीत होते, त्यात छापून आला. छापताना वाइल्डर यांनी धर्मांतराचा सल्लाही जोडला. न्यू जर्सीमधील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात तो मजकूर आला आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. त्या स्नेहातून आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या. १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली आणि १८८७ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले.

त्यांचे इंग्रजी चरित्र कॅरोलाइन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी चरित्र लिहिले. दोन्ही चरित्रे आदराने लिहिलेली आहेत. तथापि एकीला अमेरिकन वाचक डोळ्यांपुढे होता, तर दुसरीला मराठी वाचक. कोणती गोष्ट ठळक करावी आणि कोणती मागे ठेवावी, हे त्यामुळे बदलते. महाविद्यालयाचे जुने दफ्तर आज फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात आहे. आनंदीबाईंनी पदवीसाठी लिहिलेला हिंदू प्रसूतिशास्त्रावरील प्रबंध त्यात जपून ठेवलेला आहे. दोन चरित्रे एका बाजूस आणि मूळ पत्रे व प्रबंध दुसऱ्या बाजूस ठेवून वाचले, म्हणजे चरित्रकारांनी काय पाहिले आणि काय पाहिले नाही ते कळते. हेच इतिहासाचे शिक्षण होय.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्यांनी त्यानंतर अमेरिकेत हिंडून जे पाहिले, ते ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या मराठी ग्रंथात १८८९ मध्ये मांडले. तेथील राज्यपद्धती, शाळा, स्त्रियांच्या संस्था आणि घरगुती जीवन यांचे हे प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे. अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या समाजाविषयीचे हे मूळ साधन मराठीत आहे, ही गोष्ट मराठी माध्यमाच्या शिक्षकाने आवर्जून ध्यानात ठेवावी. इंग्रजी कच्चे असलेल्या विद्यार्थ्यालाही अमेरिकेच्या अभ्यासास येथून आरंभ करता येतो.

आंबडव्यापासून न्यूयॉर्कपर्यंत

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. ची पदवी मिळविली. ९ मे १९१६ रोजी त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो पुढील वर्षी छापला गेला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे जे खंड प्रकाशित केले, त्यांच्या पहिल्याच खंडात हा निबंध आहे.

हा निबंध भारताच्या इतिहासाचे साधन आहेच. पण त्या काळातील अमेरिकन विद्यापीठात समाजशास्त्राचे कोणते प्रश्न चर्चिले जात होते आणि एका परदेशी विद्यार्थ्याने त्यांना कसे उत्तर दिले, याचेही ते साधन आहे. याच्याच जोडीला आणखी एक छोटासा कागद वाचावा. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारे विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे सादर केलेल्या निवेदनाची प्रत त्यांनी मागितली होती. ड्यू बॉइस यांनी त्यास उत्तर दिले. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात ड्यू बॉइस यांच्या कागदपत्रांत आहे आणि तो कोणालाही इंटरनेटवर पाहता येतो.

या संबंधाची पूर्वपीठिका महाराष्ट्रातच आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. अमेरिकेच्या राज्यघटनेतील गुलामगिरी रद्द करणारी तेरावी दुरुस्ती १८६५ ची. म्हणजे केवळ आठ वर्षांत त्या घटनेचा अर्थ पुण्यात लावला गेला होता. अमेरिकेतील यादवीची बातमी मराठी वाचकांपर्यंत कोणत्या वृत्तपत्रांतून आणि कोणत्या शब्दांत पोहोचली, हा प्रश्न एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ‘ज्ञानोदय’ व इतर जुन्या नियतकालिकांच्या फायली चाळून हाती घेण्याजोगा आहे.

कापूस, गिरणी आणि युद्ध

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाचा आर्थिक परिणाम तर कोकणच्या घराघरांशी निगडित आहे. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला विलक्षण भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, नव्या बँका आणि कंपन्या निघाल्या, शेअरांचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्या वाढल्या आणि त्यांत राबण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो माणसे गेली.

हा इतिहास दोन्हीकडच्या साधनांवरून अभ्यासता येतो. मुंबईच्या बाजूने महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयातील कागद आणि त्या काळातील वृत्तपत्रे आहेत. जिल्ह्याच्या लोकस्थितीसाठी जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेला १८८० चा रत्नागिरी व सावंतवाडी गॅझेटियरचा खंड आहे. अमेरिकेच्या बाजूने तेथील व्यापारी वृत्तपत्रे आणि मुंबईतील अमेरिकन वाणिज्य दूताने आपल्या सरकारला पाठविलेली पत्रे आहेत. ही पत्रे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

अमेरिकेतील मोठे संग्रह

आता प्रत्यक्ष शोध कोठे घ्यावा, याविषयी. पहिले नाव लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाचे. त्याची स्थापना १८०० ची. १८१४ मध्ये इंग्रज सैन्याने वॉशिंग्टन जाळले तेव्हा हे ग्रंथालयही जळाले. पुढच्या वर्षी माजी अध्यक्ष जेफर्सन यांचे ६,४८७ ग्रंथ विकत घेऊन ते पुन्हा उभारण्यात आले. आज तेथील जुनी वृत्तपत्रे, नकाशे, छायाचित्रे, लोकगीतांचे ध्वनिमुद्रण आणि अध्यक्षांची पत्रे घरबसल्या पाहता येतात. शिक्षकांसाठी निवडक साधनांचे संचही तेथे तयार करून ठेवलेले आहेत.

दुसरे राष्ट्रीय अभिलेखागार. त्याची स्थापना १९३४ ची. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना यांच्या मूळ प्रती तेथे आहेत. जनगणनेचे कागदही तेथेच आहेत. अमेरिकेची पहिली जनगणना १७९० ची. व्यक्तींची नावे असलेली पत्रके ७२ वर्षे गुप्त ठेवण्याचा तेथील नियम आहे; त्यानुसार १९५० च्या जनगणनेची पत्रके १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली.

तिसरे साधन म्हणजे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १८६१ पासून चालविलेली राजनैतिक कागदपत्रांची ग्रंथमाला. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी वॉशिंग्टनमध्ये झालेल्या चर्चांचे कागद या मालेत २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय विद्यार्थ्याला या खंडाइतके बोलके साधन क्वचितच मिळेल.

चौथे, अमेरिकेत गेलेल्या भारतीयांच्या कागदांचा संग्रह. दक्षिण आशियाई अमेरिकनांची पत्रे, छायाचित्रे आणि पत्रके गोळा करणारे एक डिजिटल अभिलेखागार २००८ पासून काम करीत आहे. गदर चळवळीचा अभ्यास करणाऱ्याला ते उपयोगी पडते. त्या चळवळीत भाग घेतलेले विष्णू गणेश पिंगळे आणि पांडुरंग खानखोजे हे दोघेही महाराष्ट्रातील होते.

भारतातही काही सोय आहे. १९६४ मध्ये हैदराबाद येथे उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात अमेरिकन अभ्यासाचे संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याचे नाव आणि व्यवस्था पुढे बदलली. तेथे जावयाचे असल्यास अगोदर पत्राने विचारणा करावी. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय येथील जुनी नियतकालिके आहेत. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची परंपरा तर १८२८ पासूनची. अमेरिकेत अद्याप रेल्वेचा आरंभ होत होता, त्या काळात या गावात वाचनालय निघाले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

परदेशी संस्थेस पत्र लिहिताना एक पथ्य पाळावे. ‘भारताविषयी जे काही असेल ते पाठवावे’, असे पत्र निरुपयोगी ठरते. प्रथम त्या संस्थेची संग्रहसूची पाहावी. नंतर व्यक्तीचे नाव, ठिकाण, वर्षे आणि शक्य तर पेटीचा क्रमांक देऊन नेमके एक-दोन प्रश्न विचारावेत. गावांच्या नावांची जुनी इंग्रजी वर्णरचना निरनिराळी असते. रत्नागिरीचे नाव जुन्या कागदांत तीन-चार प्रकारे लिहिलेले आढळते. सर्व प्रकारे शोध घेतल्याशिवाय ‘माहिती नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

साधनाची पारख

कागद जुना आहे एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. मिशनचा अहवाल घ्यावा. तो अमेरिकेतील देणगीदारांसाठी लिहिलेला असे. कामाचे महत्त्व पटावे म्हणून येथील समाजाचे दोष त्यात गडद रंगविले जाण्याचा संभव असतो. म्हणून शाळेच्या पटाचा आकडा त्यातून घ्यावा, पण लोकांच्या स्वभावाविषयीचे शेरे सरकारी अहवाल आणि मराठी लेखन यांच्याशी ताडून पाहावेत.

दुसरे उदाहरण जनगणनेचे. १९२० ते १९४० या काळातील अमेरिकन जनगणनांत ‘हिंदू’ हा शब्द वंशाचे नाव म्हणून वापरला गेला. पंजाबातून गेलेल्या शीख शेतकऱ्याचीही नोंद त्याखाली होई. हा शब्द वाचून धर्माचा निष्कर्ष काढणारा अभ्यासक फसेल. पत्रक लिहिणाऱ्याच्या मनातील वर्गवारी कोणती होती, हे आधी समजून घेतले पाहिजे.

तिसरे उदाहरण अधिक हृदयस्पर्शी आहे. १९३६ ते १९३८ या मंदीच्या वर्षांत अमेरिकन सरकारच्या एका लेखक-योजनेखाली, पूर्वी गुलाम असलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेण्यात आल्या. अशा २,३०० हून अधिक कथने आणि सुमारे ५०० छायाचित्रे उपलब्ध आहेत. गुलामगिरीविषयी स्वतः गुलामांनी सांगितलेला एवढा मोठा संग्रह दुसरा नाही. परंतु १८६५ मध्ये मुक्त झालेली ही माणसे त्या वेळी सत्तरी ओलांडलेली होती. बहुतेकांनी गुलामगिरी बालपणी पाहिली होती. मुलाखत घेणारे पुष्कळदा गोरे होते आणि तीही त्याच गावातील, जेथे बोलणाऱ्याला उद्या राहावयाचे होते. उपाशी माणसाने सरकारी वाटणाऱ्या पाहुण्यापुढे काय सांगावे आणि काय गिळावे, हे खेड्यात काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला वेगळे समजावून सांगावयास नको. म्हणून ही कथने टाकून द्यावयाची नाहीत. बोलणारा कोणत्या परिस्थितीत बोलला ते लक्षात ठेवून ती वाचावयाची.

थोडक्यात, प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारावेत. तो कोणी लिहिला? केव्हा लिहिला? कोणासाठी लिहिला? लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले? या चार प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याने वहीत लिहावीत, आणि मगच कागदातील मजकुराकडे वळावे.

शाळेत करता येण्याजोगे

माध्यमिक शाळेत यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक संगणक, छपाईची सोय आणि शिक्षकाची तयारी एवढे पुरते. इयत्ता नववी-दहावीच्या वर्गाला महिन्यातून एक तास द्यावा. पहिल्या महिन्यात गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा उतारा आणि त्याच आठवड्यातील एक वृत्तपत्र वाचावे. दुसऱ्या महिन्यात पंडिता रमाबाईंच्या ग्रंथातील शाळांविषयीचे प्रकरण घ्यावे. तिसऱ्या महिन्यात ड्यू बॉइस आणि डॉ. आंबेडकर यांची पत्रे. प्रत्येक वेळी विद्यार्थ्यांनी वरील चार प्रश्न विचारावेत. साधारणतः ९५ वर्षांहून जुने अमेरिकन प्रकाशित साहित्य आणि अमेरिकन केंद्र सरकारचे प्रकाशन यांना तेथे स्वामित्वहक्काचे बंधन नसते. त्यामुळे अशा साहित्याच्या प्रती वर्गासाठी काढण्यास अडचण येऊ नये.

वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी तेच प्रश्न आपल्या गावातील एखाद्या कागदाला विचारावेत. एखादा जुना फेरफार, देवस्थानचा हिशोब, मुंबईहून गिरणी कामगाराने घरी धाडलेले पत्र किंवा मनीऑर्डरची पावती यांपैकी काहीही चालेल. अमेरिकेचा अभ्यास करता करता मुले आपल्या गावाचा इतिहास वाचावयास शिकतील.

आपल्या दफ्तराचे काय?

येथेच ग्रामपंचायत सदस्य, मुख्याध्यापक आणि अधिकारी यांची जबाबदारी सुरू होते. डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये काय शिकले, हे सांगणारे कागद कोलंबिया विद्यापीठाने जपले. पण ते प्रथम शाळेत केव्हा दाखल झाले, हे सांगणारा कागद एका साध्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत होता. सातारा येथील शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या प्रवेशाची नोंद झाली. ती वही टिकली, म्हणूनच महाराष्ट्र शासनाला २०१७ मध्ये तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचा निर्णय घेता आला. त्या दिवशी ती ओळ लिहिणाऱ्या लेखनिकाला आपण काय लिहीत आहोत याची कल्पना नव्हती. ती वही नंतरच्या शंभर वर्षांत सांभाळणाऱ्या प्रत्येक शिपायाने आणि मुख्याध्यापकाने इतिहासाचे साधन निर्माण केले.

कोकणात कागदाचे शत्रू पुष्कळ. चार महिन्यांचा पाऊस, दमट हवा, वाळवी, गळके छप्पर आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ‘जुनी रद्दी’ हा शेरा. शाळेच्या जुन्या नोंदवह्या, ग्रामसभांची इतिवृत्ते, पूर्वीच्या लोकल बोर्डाचे कागद आणि जन्ममृत्यूची पुस्तके आजही कित्येक ठिकाणी गोणपाटात बांधून माळ्यावर पडलेली असतात. अभिलेखांच्या वर्गवारीत ‘अ’ वर्गाचे कागद कायम जपावयाचे असतात. सार्वजनिक अभिलेखांच्या जतनासाठी महाराष्ट्रात २००५ चा अधिनियमही आहे. नियम आहेत, त्यांची अंमलबजावणी कपाटापर्यंत पोहोचली पाहिजे.

यासाठी पाच साधी कामे पावसाळ्यापूर्वी करता येतील. कागद जमिनीवरून उचलून भिंतीपासून दूर असलेल्या लोखंडी कपाटात ठेवावेत. कोणती वही कोणत्या वर्षांची, याची यादी करून तिची एक प्रत तालुक्यास द्यावी. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. ती कागद पिवळा करते आणि अक्षर ओढून काढते. महत्त्वाच्या वह्यांची छायाचित्रे घेऊन दोन ठिकाणी ठेवावीत. आणि नाशनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी गावातील इतिहासाच्या शिक्षकाला ती एकदा दाखवावी.

अमेरिकेच्या दफ्तरखान्यांत मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या कागदांबरोबर वेंगुर्ल्याच्या दवाखान्यातील हकीकत आणि कोल्हापुरातील एका पोस्ट खात्याच्या नोकराचे पत्रही सुरक्षित राहिले. ते कोणाला तरी जपावेसे वाटले, म्हणून आज रत्नागिरीच्या अभ्यासकाला आपल्याच माणसांचा शोध हार्वर्ड आणि फिलाडेल्फियात घ्यावा लागतो. उद्या एखादा परदेशी अभ्यासक त्याच माणसांचे दुसरे टोक शोधीत मंडणगड, दापोली किंवा राजापुरास येईल. त्या वेळी कपाट उघडून त्याच्यापुढे वही ठेवता आली, तर या जिल्ह्याने विद्येच्या व्यवहारात आपली बाजू राखली असे म्हणता येईल. त्याची तयारी गावच्या चावडीत आणि शाळेच्या कार्यालयात या पावसाळ्यापूर्वीच व्हावयास हवी.